गुरुवारी लाइट गेली, आली. टीव्ही मात्र आला नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला पुण्यात, धायरीत, 43 इंची एलईडी टीव्ही, घेऊन साडेपाच वर्षं झाली. गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे देखभालीच्या कामासाठी लाइट गेली, दुपारी आली, आणि तेव्हापासून टीव्ही चालू होत नाही. खालचा लाल दिवा लागतो. रिमोट दाबला की तो एकदा लुकलुकतो आणि पुन्हा स्थिर होतो, पडदा काळाच. तपासायला आलेल्या मुलाने मागचं कव्हर न उघडताच ‘मदरबोर्ड गेला, साडेनऊ हजार’ असं सांगितलं आणि व्हिजिटचे पैसे घेऊन तो गेला. आता बोर्ड बदलायचा की नवाच टीव्ही घ्यायचा, हे तुम्ही विचारताय.

दोन्ही नको. निदान या आठवड्यात तरी नको.

शनिवार पेठेत मी 27 वर्षं हेच काम करतोय, पिक्चर ट्यूबवाल्या सेटपासून. माझ्या दुकानात शुक्रवार आणि शनिवारी गर्दी असते, ती गुरुवारमुळे. दर वेळी गिऱ्हाईक तेच म्हणतं, ‘लाइट आली तेव्हा झटका बसला असणार.’ कधीकधी बसतोही. पण तुम्ही सांगितलेली लक्षणं झटक्याची वाटत नाहीत. झटका बसलेल्या सेटचा बहुतेक वेळा दिवाच लागत नाही. तुमचा टीव्ही आधीपासून आजारी होता, गुरुवारने तो फक्त उघडा पाडला, असा माझा अंदाज आहे. का, ते सांगतो.

टीव्हीच्या पाठीत साधारण दोन मुख्य बोर्ड असतात. एक पॉवर सप्लायचा, जो भिंतीतल्या 230 व्होल्टचे 5, 12, 24 असे लहान डीसी व्होल्टेज करतो. दुसरा मेन बोर्ड, ज्याला सगळे मदरबोर्ड म्हणतात. पॉवर बोर्डावर छोट्या डब्यांसारखे उभे कपॅसिटर असतात. आमच्या पिढीचे लोक अजून कंडेन्सरच म्हणतात. त्यांच्या आत ओलसर रसायन असतं आणि ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातं. जितकं सुकेल तितका आतला रोध वाढतो आणि ऐन वेळी लागणारा करंट तो कपॅसिटर देऊ शकत नाही.

आता गंमत बघा. असा अर्धवट सुकलेला कपॅसिटर कोमट असताना काम करतो, गार पडला की करत नाही. आपण टीव्ही रिमोटने बंद करतो, भिंतीवरचा खटका कधीच बंद करत नाही. म्हणजे बोर्ड स्टँडबायमध्ये चोवीस तास किंचित ऊबदार असतो आणि त्या उबेवर म्हातारा कपॅसिटर महिनोन् महिने रेटून नेतो. गुरुवारी पाच तास लाइट नाही. बोर्ड पूर्ण गार. दुपारी तुम्ही रिमोट दाबता, मेन बोर्ड एकदम करंट मागतो, 12 व्होल्टची लाइन 7-8 वर कोसळते, मेन बोर्डाचा प्रोसेसर घाबरून पुन्हा स्टँडबायला जातो. बाहेरून तुम्हाला दिसतं काय? दिवा एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

म्हणून माझा पहिला उलटा प्रश्न. गेल्या दोन-तीन महिन्यांत टीव्ही चालू व्हायला वेळ घेत होता का? दोनदा-तीनदा बटण दाबावं लागत होतं का? सकाळी पहिल्यांदा लावताना कटकट आणि एकदा चालू झाला की दिवसभर ठीक, असं होतं का? घरात जो सकाळी पहिल्यांदा टीव्ही लावतो त्याला विचारा, बहुतेक घरांत ते आजोबाच असतात. उत्तर ‘हो’ असेल तर शंभरातल्या ऐंशी वेळा मी पॉवर बोर्डावर पैज लावीन.

पण पैज म्हणजे निदान नव्हे. दिवा लुकलुकतो याचा अर्थ एवढाच, की भिंतीपासून स्टँडबायच्या 5 व्होल्टपर्यंतचा रस्ता शाबूत आहे, रिमोट चांगला आहे आणि मेन बोर्डावर निदान एक चिप जागी आहे. हेही काही कमी नाही. आता संशयित उरले तीन: वर सांगितलेला पॉवर बोर्ड, पडद्यामागच्या एलईडीच्या पट्ट्या, आणि मेन बोर्ड स्वतः. त्या मुलाने तिसऱ्याचं नाव घेतलं, ते कदाचित खरंही निघेल. पण मीटर न लावता सांगितलेलं खरं म्हणजे मटका.

कव्हर न उघडता घरी करण्यासारखं आधी करून घ्या. सगळ्यात पहिलं, टीव्हीला लावलेलं सगळं काढा: सेट टॉप बॉक्सची वायर, एचडीएमआय, पेन ड्राइव्ह, स्टिक. खराब पेन ड्राइव्ह 5 व्होल्टची लाइन ओढून धरतो आणि अख्खा टीव्ही अडून बसतो. एका काकूंचा सेट मी फक्त नातवाचा पेन ड्राइव्ह काढून ‘दुरुस्त’ केला होता. पैसे घ्यायची लाज वाटली, चहा घेतला. मग प्लग सॉकेटमधून काढा, टीव्हीच्याच अंगावरचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पंधरा मिनिटांनी थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्डात नाही. ते बटण बहुतेक मॉडेलना खालच्या कडेला मधोमध किंवा पाठीमागे उजवीकडे असतं, बोटाने चाचपून बघा. एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल मुद्दाम बोललो, कारण गौरी-गणपतीत माळांसाठी आणलेला बोर्ड पुढे वर्षभर टीव्हीच्या मागे लोंबकळत राहतो आणि त्याच्या पितळी पट्ट्या कधीच सैल झालेल्या असतात.

यानंतरही तेच असेल तर रात्री खोलीत पूर्ण अंधार करा. टीव्ही चालू करा आणि पडद्याकडे बघत राहा. सेकंदभर पडदा फिकट उजळून विझला तर संशय पट्ट्यांवर जातो. या पट्ट्यांतले एलईडी जुन्या दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग एक जोडलेले असतात. एक गेला की ती लाइन गेली. सर्किटला ते कळतं आणि ते संरक्षणासाठी सगळं बंद करतं. काही मॉडेलमध्ये टीव्ही बंद होत नाही, आवाज येत राहतो आणि चित्र तेवढं दिसत नाही. अशा वेळी मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरका मारा. आत पुसटशा आकृत्या हलताना दिसल्या तर पॅनेल जिवंत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. अंधारात काहीच उजळलं नाही आणि आवाजही नाही, तर गोष्ट पुन्हा पॉवर बोर्ड किंवा मेन बोर्डावर येते.

दिवाच लागत नाही, अशी तक्रार असणाऱ्यांसाठी एवढंच: त्याच सॉकेटमध्ये मोबाइल चार्ज होतो का बघा, मग टीव्हीची आठच्या आकड्यासारखी पिन असलेली केबल बदलून बघा. रेडिओ, जुना डीव्हीडी प्लेयर, कशाचीही चालते. इथपर्यंत सगळं ठीक असेल तर बहुधा आत फ्यूज उडाला असणार, आणि फ्यूज कधी उगाच उडत नाही.

आता कव्हर उघडण्याबद्दल. तुम्ही हे कधी केलं नसेल तर करू नका, आणि हे मी माझा धंदा टिकावा म्हणून सांगत नाही. पॉवर बोर्डावर एक मोठा कपॅसिटर असतो, 400 किंवा 450 व्होल्टचा. त्याच्यावर 230 एसीचे साधारण 325 व्होल्ट डीसी होऊन बसतात. लोक समजतात, प्लग काढला की संपलं. चालू स्थितीतल्या बोर्डात ते बऱ्यापैकी खरं आहे, कारण पुढचं सर्किट चार्ज पिऊन टाकतं. बंद पडलेल्या बोर्डात पिणारं कोणी नसतं, त्यामुळे तिथे चार्ज कितीतरी जास्त वेळ टिकतो. म्हणजे मेलेला बोर्डच जास्त चावतो. शिकाऊ असताना मी असा कपॅसिटर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून उतरवला होता. फटाका फुटला, आणि टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. तो स्क्रू ड्रायव्हर अजून माझ्या टेबलावर आहे. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला आधी तो हातात देतो. चार्ज उतरवायचा तो रेझिस्टरने किंवा साध्या पिवळ्या बल्बने, आणि मग मीटर लावून शून्य बघायचं.

तुमचा सेट टेबलावर आला तर मी काय करीन ते सांगतो, म्हणजे तुमच्या भागातल्या मेकॅनिकला तुम्ही विचारू शकाल.

आधी नजर. कपॅसिटरचं वरचं टोपण सपाट असायला हवं. त्यावर अधिकच्या किंवा इंग्रजी वायसारख्या खुणा कोरलेल्या असतात, आतून दाब आला की तिथूनच फुटावा म्हणून. बिघडलेल्याचं टोपण पोळी फुगायला लागल्यासारखं मधोमध वर येतं. बोट फिरवलं तर डोळ्याआधी बोटाला कळतं, अर्थात चार्ज उतरवल्यावर. कधी बुडाशी तपकिरी चिकट डाग असतो. पण सपाट दिसतो म्हणून चांगला असंही नाही; सुकलेला कपॅसिटर बाहेरून टवटवीत दिसू शकतो. त्याला तो आतला रोध मोजणारा ईएसआर मीटरच लागतो.

मग पॉवर बोर्डाकडून मेन बोर्डाकडे जाणारा वायरचा गुच्छ. तिथे बोर्डावरच अक्षरं छापलेली असतात: 5 व्हीएसबी (स्टँडबायचे 5 व्होल्ट), पीएस-ऑन, 12 व्ही, बीएल-ऑन (बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड चालू), डिम, जीएनडी. मीटरची काळी वायर जीएनडीला, म्हणजे ग्राउंडला. स्टँडबायच्या पिनवर 5 व्होल्ट स्थिर हवेत. मग रिमोट दाबायचा आणि पीएस-ऑन बघायचा. इथे मेन बोर्ड पॉवर बोर्डाला सांगतो, ‘उठ.’ बहुतेक सेटमध्ये इथे शून्यावरून तीनेक व्होल्ट येतात. हुकूम आला आणि 12 व्होल्ट आले नाहीत किंवा येऊन कोसळले, तर बहुधा दोषी पॉवर बोर्ड. खात्रीसाठी मेन बोर्डाची वायर काढून, पीएस-ऑनला स्टँडबायचे 5 व्होल्ट एका 1 किलोओहमच्या रेझिस्टरमधून देतो. आता पॉवर बोर्ड एकटा आहे, हुकूम माझा आहे. तरीही त्याने 12 दिले नाहीत, तर मदरबोर्डवर साडेनऊ हजार खर्च करायचं कारणच उरत नाही. काही नव्या मॉडेलमध्ये वेगळा स्टँडबाय नसतो, 12 व्होल्ट कायम येत असतात. तिथे चाचणी वेगळी, पण तर्क हाच.

12 व्होल्ट ठणठणीत असतील तर पॅनेलला जाणारी चपटी केबल काढून पुन्हा चालू करून बघतो. आता आवाज आला, तर पॅनेल किंवा त्याला चित्राचे सिग्नल वाटून देणारा छोटा टी-कॉन बोर्ड लाइन शॉर्ट करत होता. तेही नसेल तर मग आला मेन बोर्ड. त्यातही बोर्ड फेकायची घाई नको. कधी 3.3 व्होल्टचा रेग्युलेटर गेलेला असतो, नखाएवढा भाग. कधी लाइट जाताना टीव्ही काही लिहीत होता म्हणून सॉफ्टवेअर बिघडतं. मग पेन ड्राइव्हवरून किंवा मेमरी चिप उतरवून सॉफ्टवेअर पुन्हा भरावं लागतं. ते नेमकं त्याच पॅनेलचं लागतं. दुसऱ्या पॅनेलचं भरलं तर चित्र उलटं किंवा आरशातल्यासारखं दिसतं आणि बातम्या देणारी बाई छताला पाय लावून उभी राहते. असा सेट मी दुसऱ्याने बिघडवून माझ्याकडे आलेला पाहिलाय.

फ्यूज उडालेल्या सेटचं थोडं वेगळं. काचेचा फ्यूज आतून काळा झाला असेल तर मागे पक्का शॉर्ट आहे. बारीक तार नुसतीच तुटली असेल तर मामला हलका असू शकतो. नवा फ्यूज घालून सरळ प्लगमध्ये लावायचा नसतो. आमच्याकडे सिरीज बल्ब असतो, 100 वॉटचा साधा बल्ब टीव्हीच्या वायरमध्ये ओवलेला. खटका दाबला की बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरं. भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट तसाच आहे, आणि बल्बने तुमचा नवा फ्यूज वाचवला. फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा घालणारा मेकॅनिक दिसला तर टीव्ही उचलून घरी या.

कोथरूडच्या एका इमारतीतून एकाच संध्याकाळी चार टीव्ही माझ्याकडे आले होते. चारही वेगवेगळ्या कंपन्यांचे, चारही पूर्ण बंद. मी बोर्ड बघायच्या आधी विचारलं, ‘पंखे जोरात फिरत होते का, दिवे प्रखर झाले होते का?’ झाले होते. मीटर रूममध्ये न्यूट्रलची जोडणी जळली होती. न्यूट्रल तुटला की घरांना 230 ऐवजी दोन फेजमधलं व्होल्टेज आपसात वाटून मिळतं, ते 400 च्या घरात असतं, आणि ज्याच्या घरात लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त येतं. तीन सेटमध्ये निळी चकती जळून तडकली होती, एमओव्ही म्हणतात तिला. ती स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि मागचं वाचवते. चकती आणि फ्यूज बदलले, तीन सेट त्याच रात्री सुरू. चौथ्यात कोणीतरी पूर्वी ती चकती काढून टाकली होती, ‘तिच्याशिवायही चालतं’ म्हणून. चालत होतंच की, त्या संध्याकाळपर्यंत.

आणि पाल. पावसाळ्यात नदीकाठच्या, झाडीतल्या घरांतून येणाऱ्या सेटमध्ये पाल हे निदान मी वासावरून करतो. ऊब शोधत ती जाळीतून आत शिरते आणि पॉवर बोर्डाच्या बरोबर त्या भागात आडवी होते जिथे 325 व्होल्ट असतात. तुमच्याकडे पाल नाही, कारण तुमचा दिवा लागतोय.

पार्टबद्दल एक सूचना. मेकॅनिक कपॅसिटर बदलणार असेल तर 105 डिग्रीचे, लो ईएसआर, मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त, असे घाला म्हणावं. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत चहाच्या किमतीत मिळतात, आणि वरचं वेष्टन बदललेले नकलीही तिथेच मिळतात, म्हणून ओळखीच्या दुकानातून घ्यायचे. उंचीही बघायची. हल्लीचे टीव्ही इतके सपाट, की जास्त उंच कपॅसिटर घातला तर मागचं कव्हर त्याला दाबतं. एक फुगलेला दिसला तरी त्या लाइनवरचे सगळे बदलायचे. बाकीचेही त्याच वयाचे असतात. मजुरीसकट माझ्याकडे असं काम 700-800 रुपयांत होतं.

पट्ट्या निघाल्या तर खर्च वाढतो आणि जोखीमही, कारण त्यासाठी पॅनेल उचलावं लागतं. 43 इंची पॅनेल दोन माणसांनीच उचलायचं. कडेच्या पातळ रिबिनी हिसका बसला की फाटतात, आणि त्या फाटल्या की टीव्ही संपला. एकटा माणूस ‘इथेच दिवाणावर करून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. पट्ट्या बदलताना पूर्ण सेट बदलून घ्या, आणि नंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट 100 वर ठेवू नका, 60-70 पुष्कळ होतो. दुकानात शोरूमच्या झगझगाटात दिसावा म्हणून तो कमाल असतो, आपल्या हॉलमध्ये त्याची गरज नसते.

पॅनेलच गेलं असेल, तर मात्र मी स्वतः सांगतो की सोडून द्या. टीव्हीच्या किमतीतला मोठा हिस्सा तोच असतो. मेन बोर्ड खरोखर गेला तर साडेनऊ हजार हा आकडा मला जास्त वाटतो. आधी तोच बोर्ड दुरुस्त होतो का ते विचारा, मग त्याच नंबरचा वापरलेला बोर्ड मिळतो का ते. नंबर बोर्डावर छापलेला असतो. टीव्हीच्या मॉडेलवरून बोर्ड मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन तऱ्हेचे बोर्ड निघतात.

तर तुम्ही असं करा. अंधारातली चाचणी आज रात्री करून बघा. आजोबांना सकाळच्या कटकटीबद्दल विचारा. मग ज्याच्याकडे मीटर आहे अशा मेकॅनिकला घरी बोलवा आणि समोर बसून तीनच आकडे लिहून घ्या: स्टँडबायला किती व्होल्ट आले, आणि रिमोट दाबल्यावर पीएस-ऑनवर किती आणि 12 व्होल्टच्या पिनवर किती आले. या तीन आकड्यांवरून कोणता बोर्ड ते बहुतेक ठरेल. आणि कोणताही बोर्ड बदलला गेला तरी जुना परत मागून घ्या. साडेनऊ हजारांत ‘जुना आम्ही नेतो’ हे धरलेलं असतं, ते तुम्हाला कोणी सांगत नाही.